शेजारची सीट

१२ जून, गुरुवार

आज अप्पा मोटरसायकलवरून पडता पडता वाचले! खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसानं टांग टाकून बसायचं नाही — डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, नवऱ्यानं लातूरहून फोनवर ओरडून सांगितलं. पण माझे सासरे कुणाचं ऐकतील तर ना! लिंगपूजा आटोपली, कपाळाला विभूती लागली, की पाय शेताकडेच. आज शेजारच्या सत्यमच्या मागे बसायला गेले. तोल गेला. सत्यमनं गाडी दिली सोडून आणि अप्पांनाच मिठी मारली. आरसा फुटला. अप्पा त्यालाच रागावले — "नीट धरता येत न्हाई का गाडी?"

थकले मी. सृष्टीचं बारावीचं वर्ष. ती आणि तिचा बाप लातुरात दोन खोल्यांत. तो दिवसभर अडतीवर, ती दिवसभर क्लासला, दोघंही डब्यावर जगतात. आणि मी इथे. "अप्पा शेत सोडतील त्या दिवशी ये तू," असं हे म्हणतात. म्हणजे कधी?

१५ जून

रात्रीपासून ह्यांचे व्हिडिओवर व्हिडिओ. अप्पांना रानात न्यायला काय घ्यावं! ट्रॅक्टर? रानाकडची आमची पाणंद इतकी अरुंद, की एक चाक शेजारच्या शिवशंकरभाऊंच्या तुरीत जाईल, मग त्यांच्या उमाबाई पाणी भरायलासुद्धा बोलावणार नाहीत. बैल कधीच विकले. जीप गाळात बसेल. चार चाकांची मोटरसायकल असते म्हणे — पण तिच्यावरही टांग टाकावीच लागते!

मग हे एक सापडलं. उघडी बुटकी गाडी, दोन सीटा शेजारी-शेजारी, मागे सामानाला छोटा हौदा, मोठाली दातेरी चाकं. पाय न फाकवता, खुर्चीत बसावं तसं बसायचं. ह्यांना एकदम पटलं. मलाही पटलं, तेच तर वाईट.

२२ जून

लातूरला जाऊन गाडी बघून आले. पाणंदीची रुंदी सुंभावर गाठ मारून नेली होती. दुकानातला पोऱ्या हसला, पण सुंभ लावू दिला. बसते! दोन्हीकडे वीतभर जागा उरते.

मुरमाड माळावर त्यानं गाडी उड्या मारत पळवून दाखवली. मी म्हटलं, काळ्या रानात चालेल का? "मॅडम, डोंगर चढते ही!" अहो, डोंगराचं कोण विचारतंय?

सृष्टीला अर्धा तास भेटले. वाळली आहे. परतताना एसटीत सारखं वाटत होतं — ही गाडी आली, की अप्पा शेत कधीच सोडणार नाहीत. माझं दावं मीच निवडून आले.

३ जुलै

टेम्पोतून उतरली. नंबरप्लेट नाही — रस्त्यावर न्यायचीच नाही, फक्त रानात. सगळी आळी गोळा. उमाबाईंनी हळदीकुंकू वाहिलं आणि विचारलं, "चालवायचं कुनी?"

कुणी म्हणजे? सत्यम दिवसभर कामावर. घरात मी आणि म्हैस. स्कूटीसारखीच आहे, दाबायचं आणि जायचं. गोठ्यापासून देवळापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. जमलं!

मग अप्पा आले. दोन सीटा बघितल्या. एकीवर मी. काठी हौद्यात टाकली, पायरीवर पाय दिला, आणि मागे खताच्या पोत्यावर जाऊन बसले!

"अप्पा, पुढं बसा की."

"सासरा अन् सून एका बाकावर? कसं दिसंल ते?"

सगळी आळी बघतेय. या घरात आले तेव्हापासून अप्पा ओसरीवर आले, की मी खुर्चीवरून उठते. त्यांच्या शेजारी? खरं सांगते, मलाही हायसं वाटलं. पण मग एवढी गाडी घेतली कशाला?

१९ जुलै

त्या दुकानदाराला इथे आणून उभा करावासा वाटतो! दोन दिवसांच्या पावसात काळी माती चाकांना अशी चिकटली, की चाकांचे लाडू झाले. गाडी जागची हलेना. मी खाली उतरून खुरप्यानं माती काढतेय, आणि अप्पा हौद्यातून, छत्री धरून — "डावं काढ आदी. डावं! उजवं मागून!"

मनात म्हटलं, उतरा आणि तुम्हीच काढा. तोंडानं "हाव अप्पा" म्हटलं.

२० जुलै

कंबर गेली. त्यांचीही गेली असणार. विचारलं नाही.

६ ऑगस्ट

डॉक्टरांचा निरोप — मागे हादरे बसतात, खुब्याला धोका आहे, पुढेच बसवा. ह्यांना म्हटलं, तुम्ही सांगा. "तूच सांग ना, तुझं ऐकतात." वा! माझं ऐकतात!

दोन्ही सीटांच्या मध्ये उशी ठेवून बघितली. आडपडदा म्हणून. अप्पांनी उशी उचलली, हौद्यात टाकली आणि तिच्यावर बसले. "ब्येस हाय," म्हणाले.

हसावं की रडावं कळेना. खरं तर पोत्यापेक्षा उशी बरीच म्हणायची.

२५ ऑगस्ट, सोमवार

सृष्टीला ताप. डेंग्यू निघाला. "आई, ये ना," एवढंच म्हणाली. उमाबाईंना अप्पांच्या भाकरीचं सांगितलं आणि मिळेल त्या एसटीनं निघाले.

२९ ऑगस्ट

ताप उतरला. पोरगी झोपेतही माझा पदर धरून असते. मुगाचं पातळ वरण करून घातलं, तर म्हणाली, "कित्ती दिवसांनी घरचं खातेय." हे भिंतीकडे बघत बसले.

संध्याकाळी उमाबाईंचा फोन. अप्पा एकटेच चालत रानात गेले. जाणं जमलं, येणं नाही. दुपारभर बांधावर बसून होते, शेवटी शिवशंकरभाऊंनी खांद्याचा आधार देत घरी आणलं.

म्हणजे मला जायलाच हवं. सृष्टीला सांगितलं. कुशीवर वळली. बस सुटली आणि मला रडू आवरेना. शेजारच्या बाईनं न विचारता मला खिडकीची जागा दिली.

१ सप्टेंबर

चहा देताना अप्पांनी विचारलं, "पोरगी कशी हाय?"

"बरी आहे. आई पाहिजे म्हणते."

बोलायचं नव्हतं. दमलेलं तोंड, निसटलं! अप्पांनी बशीत चहा ओतला, गार झाला तरी प्यायले नाहीत. मग उठले आणि नेहमीसारखे हौद्यात जाऊन बसले.

८ सप्टेंबर

उघडीप. सोयाबीनच्या शेंगा भरल्यात. आज अप्पा कशावरूनच रागावले नाहीत. बरं नाहीये की काय?

९ सप्टेंबर, मंगळवार

आज अप्पा पुढे बसले. माझ्या शेजारी. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका. मी पदर सावरला आणि गाडी सुरू केली. दोघंही समोर बघत होतो. विहिरीपाशी म्हणाले, "थांब जरा." मग रानाकडे बघतच — "सत्यमला बटईनं कसायला दिलं रान. पोराला, म्हांतेशला बी फोन केलाय. परवा लातूरला जाऊ. हादरे खाऊन लई दुखून राहिलं माझं, तिथं दवाखाने हायत." खोटं बोलत होते. कालच उमाबाईंना सांगत होते, आता कायबी दुखत न्हाई म्हणून. हेच तर मला हवं होतं, कितीक दिवस! मग एवढं का भरून आलं? "चल घरी, उशीर होतोय," अप्पा म्हणाले. मी हाव म्हटलं आणि गाडी घराकडे न वळवता पुन्हा रानाच्या कडेनं घेतली.