तिसऱ्या लाइनीचा सिग्नल

१२ नोव्हें., बुध.
ऑफिसातून आले तर यांचे बूट दाराबाहेर. ड्यूटी उद्या सकाळी सुटायची होती. हे पलंगावर बसलेले, युनिफॉर्ममध्येच. म्हणाले, "लाल पार झाला माझ्याकडून."
कुणाला लागलं नाही, गाडी कशाला धडकली नाही. पण लोको पायलटनं लाल सिग्नल ओलांडला की पुढचं विचारायचं नसतं. सस्पेंड. मग चौकशी. मग बहुतेक कायमचं घरी.
गिलकी चिरायला घेतली. फोडणी दिली. मीठसुद्धा बरोबर पडलं. रडू येईल म्हणून जरा वाट पाहिली. नाही आलं.

१३, गुरु.
आज नीट सांगितलं. मंडीदीपच्या पुढे नवी तिसरी लाईन टाकली आहे, खास मालगाड्यांसाठी. तिथल्या एका वळणावर यांनी वर्षानुवर्षं सिग्नल डावीकडे पाहिला. तिसऱ्या लाइनीचा मात्र उजवीकडे आहे. काल गाडी तिसऱ्या लाइनीवर होती आणि यांनी पाहिलं डावीकडे. तिथे हिरवा होता. तो शेजारच्या जुन्या लाइनीचा, मागून येणाऱ्या एक्स्प्रेससाठी दिलेला.
कॅबमध्ये दोघं असतात. नियम असा की सिग्नल दिसला की आधी असिस्टंटनं हात वर करून रंग मोठ्यानं बोलायचा, मग पायलटनं. एक चुकला तर दुसरा धरेल म्हणून. यांची असिस्टंट रेखा, पिपलानीत राहते, तीन-चार वर्षं बऱ्याच गाड्यांवर यांच्याबरोबर असते. तिनं हात वर केला, हिरवा म्हणाली. यांनीही हात वर केला, हिरवा म्हणाले. दोघांच्या मानेला एकच सवय.
पुढे खताची मालगाडी उभी. ती आधी रेखाला दिसली, तिनंच ब्रेक ओढला. मधे क्रिकेटच्या पिचएवढी जागा राहिली असेल, म्हणाले. उतरवल्यावर दोघांना नळी देऊन फुंकायला लावलं, दारू प्यायलेत का बघायला. यांनी सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता.
मी म्हटलं, बरं. आता घेणार का चहा?

१५, शनि.
शेजारच्या तिवारी भाभी जिन्यात भेटल्या. भाईसाहब छुट्टी पर हैं? म्हटलं, हो. खोटं कुठे आहे.
ही लाईन आम्हालाच हवी होती, हे कुणाला सांगू? पूर्वी प्रत्येक एक्स्प्रेस पुढे काढायची म्हणून मालगाडी बाजूच्या लाइनीवर तासन् तास उभी. मालगाडी म्हणजे सावत्र लेकरू, सगळ्यांचं जेवण झाल्यावर ताट. यांचा डबा आंबून घरी परत यायचा. तिसरी लाईन सुरू झाली त्या दिवशी देवापुढे साखर मीच ठेवली. आता हे वेळेवर घरी येतील.
आले नाहीत. लाईन मोकळी तर गाड्या वाढवा. कोळसा, सिमेंट, मंडीदीपचे कंटेनर. बाग सेवनियातल्या आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना एक गेली की दुसरी ऐकू येते. आधी गाडी थांबायची म्हणून हे थांबायचे. आता गाडी थांबत नाही म्हणून हे थांबत नाहीत.
नव्या रस्त्यावर चालवण्याआधी फेऱ्या मारून तो शिकावा लागतो आणि 'मला रस्ता माहीत आहे' अशी सही करावी लागते. यांनी फेऱ्याही मारल्या, सहीही केली. विचारलं, तेव्हा माहीत नव्हता का? म्हणाले, "माहीत होता गं. आत्ताही डोळे मिटून सांगेन."

१८, मंगळ.
मटार स्वस्त झाला. दोघं स्कूटरवर गेलो, मी मागे. होशंगाबाद रोडच्या सिग्नलला लाल. यांचा उजवा हात हँडलवरून उठला, अर्धा वर गेला, खाली आला. रंग मात्र बोलले नाहीत. हिरवा झाला तरी निघेनात. मागच्यांनी हॉर्न मारून डोकं उठवलं. मी पाठीला हात लावला तेव्हा निघाले.
ऋतूचा पुण्याहून फोन. बाबा घरी कैसे? म्हटलं, रेस्टवर आहेत. मी मटार सोलत बोलत होते. पोरीला आवाजावरून काही कळलं नाही. मला स्वतःला कळत नाही, तिला काय कळणार.

२१, शुक्र.
रेखा आली होती. हे आतल्या खोलीत, बाहेर आले नाहीत. तिचा नवरा मंडीदीपला कारखान्यात होता, तो बंद पडल्यापासून घरी. ती एकटी कमावते.
इकडचं तिकडचं बोलली नाही. म्हणाली, "भाभी, सर इतना कह दें कि मैंने लाल बोला था, उन्होंने नहीं सुना. ब्रेक तो मैंने मारा ही है. मैं बच जाऊँगी." जुनं इंजिन, कॅबमध्ये आवाज रेकॉर्ड होत नाही. दोघं सांगतील तेच खरं धरणार.
मी विचारलं, आणि सर?
"सर का तो वैसे भी..."
रडली असती तर मी चिडले असते. रडली नाही. पोहे खाल्ले, प्लेट विसळून ठेवली, गेली. तिचं चुकलं असं म्हणता येत नाही. मला तिची दया आली पाहिजे, हे कळतं. पण आत काही हलत नाही. दगड झाला आहे.

२४, सोम.
युनियनवाले येऊन गेले. त्यांचं म्हणणं, दोघांनी एकच चूक केली असेल तर जागाच फसवी आहे असं मांडता येईल, शिक्षा कमी होऊ शकेल, सिग्नलची जागाही बदलायला लावता येईल. पण असिस्टंट लाल म्हणाली आणि पायलटनं ऐकलं नाही असं आलं, तर पायलट संपला.
ते गेल्यावर हे म्हणाले, "रेखा सांगते तसं बोलावं म्हणतो. एक घर तरी वाचेल."
माझ्या घराचं नाव त्या वाक्यात नव्हतं. मी कपडे घड्या करत होते, करत राहिले. जेवताना यांनी टीव्ही लावला. बातम्यांत सांगत होते, चौथ्या लाइनीचाही सर्व्हे होणार. यांनी आवाज वाढवून पूर्ण ऐकलं.

२६, बुध.
आज चौकशी. शर्टाला यांनी स्वतःच इस्त्री केली. दारात थांबले. लग्नापासून घराचा रंगसुद्धा मला न विचारता ठरवणारा माणूस. आज विचारलं, "काय सांगू?"
मी म्हटलं, "खरं सांगा. नाहीतर उद्या त्याच जागी दुसऱ्या कुणाची मान डावीकडे वळेल, आणि तेव्हा समोर मालगाडी नसेल, माणसं असतील."
किती छान बोलले मी. यांनी मान हलवली. खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखे जिना उतरून गेले. वळून म्हणालेही, "बरोबर आहे तुझं."
बरोबरच आहे. पण बोलताना माझ्या मनात कुठलाही दुसरा पायलट नव्हता, माणसंही नव्हती. रेखा होती. ती एकटी सुटू नये, बुडायचं तर आमच्याबरोबर बुडावी, एवढंच. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं आणि ते हे निघालं. चांगलं गरम वाटलं.
ऑफिसला गेले नाही. दुपारचे तीन वाजले. यांचा फोन लागत नाही. मी सांगितलं तसं बोलले की त्यांच्या मनात होतं तसं, माहीत नाही. कसं बोलले असतील तर मला बरं वाटेल, तेही ठरवता येत नाही.
रेखाचे दोन मिस्ड कॉल आहेत. फोन हातातच होता.