काडेपेटीतला रेझिस्टर

पलूस, दि. १८ जानेवारी २०२५

प्रिय कुतुब,

जयजिनेंद्र आणि सलाम, दोन्ही घे. आम्ही खुशाल. चंदनबालेचे गुडघे थंडीत कुरकुरतात, तोंड मात्र बारा महिने ठणठणीत. तू माझा नंबर ब्लॉक केलायस, म्हणून हे पत्र. बरंच झालं. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला हे फोनवर बोलवलं नसतं.

आधी आनंदाची बातमी. आपला पॉवर सप्लाय चालू झाला! साखर कारखान्याच्या भंगारातल्या यूपीएसमधून तू तीन मोठे कपॅसिटर सोडवून आणले होतेस ना, तांब्याएवढे? त्यातला एक बसवलाय. परवा सकाळी त्यावर अॅम्प्लिफायर लावला, आकाशवाणी सांगली धरली, आणि घरघर म्हणून नाही! निवेदिकेने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतो. मी टाळ्या वाजवल्या. बासष्टाव्या वर्षी, खोलीत एकटाच.

आता दुसरं. इतका वेळ टाळतोय ते.

सहा वर्षांपूर्वी पहिला कपॅसिटर फुटला, तू स्वतः गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर जळाला, तेव्हा मी म्हणालो, "तुझा मालच सडका." तू पिशवी उचललीस आणि गेलास. मी ते गावभर सांगत सुटलो. मागच्या महिन्यात तुझी तहरीम सांगलीच्या बाजारात भेटली. म्हणाली, "अब्बा जुन्या कपॅसिटरला आता हातच लावत न्हाईत." त्या दिवशी मला घास उतरला नाही.

कपॅसिटर फुटला त्या संध्याकाळी तू मगरिबच्या नमाजाला निघताना बजावलं होतंस, "मास्तर, ह्यो लय वर्सं पडून हाय. एकदम करंट दिऊ नगा. रेझिस्टरमधनं दमानं चढू द्या. मी येतो, तवर हात लावू नगा." इकडे चंदनबाला ओरडत होती, "आवं, दिस बुडाया लागलाय, जेवताय का उपाशी निजताय?" दिवस बुडाल्यावर आम्ही जेवत नाही, तुला माहीत आहे. मला आवाजही ऐकायचा होता आणि भाकरीही हवी होती. मी वीज अडवून धरणारा तो रेझिस्टर काढला, खिशात टाकला आणि थेट करंट दिला. फ्यूजही घातला नव्हता. माल चांगला होता, कुतुब. तू दारात आलास आणि मी घाबरून खोटं बोललो.

तहरीम भेटल्यावर दुसरा कपॅसिटर बाहेर काढला आणि रेझिस्टर शोधत बसलो. चंदनबालेने डाळीच्या डब्यामागून काडेपेटी काढून माझ्यापुढे ठेवली. आत तोच पांढरा रेझिस्टर!

"सदरा धुताना खिशात घावला व्हता," ती म्हणाली. "तुमी कवा सांगताय, बघत व्हते."

सहा वर्षं बघत होती ती! मी खाली मान घालून तो जोडला आणि मीटर घेऊन सकाळपासून दुपारपर्यंत शेजारी बसलो. व्होल्टेज दमादमानं चढलं. दर थोड्या वेळाने कपॅसिटरला हात लावून पाहत होतो. शेवटपर्यंत गार. तू सांगितलं होतंस तस्संच.

काल सिद्धूच्या चहाच्या गाड्यावर चारचौघांत खरं सांगून टाकलं. सिद्धू म्हणाला, "म्हंजी मास्तर, चूक तुमची आनि नाव कुतुबभाईचं व्हय?" सगळे पोट धरून हसले. मीही हसलो, आणि हसता हसता डोळे पुसले. फार हलकं वाटतंय रे. पण तुझी माफी तिथे मागून भागत नाही. ती इथे मागतो. माफ कर.

तिसरा कपॅसिटर अजून पडून आहे. पॉवर सप्लायच्या पेटीत त्याची जागा मोकळी ठेवलीय. रेझिस्टर याच पाकिटात आहे, आणि तू तो घेऊन आल्याशिवाय तिसऱ्याला मी हात लावणार नाही. मुद्दाम संध्याकाळीच ये. मी आधी जेवून घेतो, तू नमाज पढून घे. मग आपल्याला कसलीच घाई नाही.

फ्यूज घालून वाट बघणारा
तुझा मास्तर,
रायगोंडा