जिनातलं अहो-जाहो

आबा, निजामाचं राज्य गेलं त्याच्या आदल्या वर्षी तुम्ही गेलात. आता मी तुमच्या वयापेक्षा म्हातारा झालोय, आणि सेलूच्या जिनातला, त्या कापसाच्या कारखान्यातला, तो हंगाम आज सांगावासा वाटतो.

तुम्ही तिथं मिस्त्री, मी तुमचा विशीतला पोरगा, तुमच्याच हाताखाली. कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांवर बाया कापूस घालायच्या; तेल, पट्टे, इंजिन गड्यांकडं. त्या वर्षी यंत्रांचे चामडी रूळ सारखे झिजत होते, ठिणग्या उडत होत्या. दोनदा कापसानं पेट घेतला. पुन्हा असं झालं तर चार यंत्रं बंद, त्यांवरच्या बाया घरी, असं शेठ सांगून गेला. तुम्ही सगळ्यांना गोळा करून विचारलंत, कुठं चुकतंय. गडीच बोलत राहिले. एक बाई काही म्हणायला गेली तर तेलवाल्यानं तिच्या आवाजाची नक्कल केली. लोक हसले, मीही हसलो. ती गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दारातच उभे. "आजपासून जिनात बायांना अहो म्हणायचं. नक्कल न्हाई, थट्टा न्हाई. ज्याला जमत नसंल त्यानं घरी जावं."

तेलवाला म्हणाला, "मंग बोलायचं काय, मिस्त्री?"

"कामाचं बोल. ते लय हाय."

तासाभरानं मी एका बाईला मुद्दाम "अहो राणीसरकार" म्हणालो. तुम्ही हातातला पाना खाली ठेवलात. "घरी जा," एवढंच बोललात. सगळ्यांसमोरून मी निघालो. आईनं जेवायला वाढलं. रात्री तुम्ही विषय काढला नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. गावात लोक म्हणायचे, मिस्त्री बायकांच्या धाकात गेला. तुमच्या कानावर ते आलं असणारच.

आठवडाभर जिनात कुणी फारसं बोललंच नाही. नियम फसला असं मला वाटलं, खरं म्हणजे बरंही वाटलं. मग एका दुपारी ताडकळसकडची ती विधवा बाई, जिची नक्कल झाली होती, तुमच्यासमोर येऊन उभी राहिली. "मिस्त्री, रुळात खोट न्हाई. कापसात रेती येतीय, तिनं रूळ झिजतेत. आमी घरी गादीचा कापूस बाजंवर झटकताव, माती खाली पडती. हितं तसाच घालायलाव."

तुम्ही गड्यांकडं पाहिलंत. कुणी हसलं नाही. सुतार म्हणाला, "बाजंचा सुंभ हितं टिकायचा न्हाई, बाई. फटी ठेवून बांबूची तट्टी करू." दुसरी एक बाई बोलली, तट्टी उतरती धरा, म्हंजे कापूस आपोआप पुढं सरंल. आणि तेलवाला, तोच, त्या विधवा बाईकडं वळून म्हणाला, "दोरानं टांगली तर हलवायला सोपी जाईल, न्हाई का हो?" त्याच्या तोंडून ते 'हो' सहज गेलं. संध्याकाळपर्यंत तट्टी टांगली गेली. मी वर चढून दोर बांधत होतो, आणि खालून त्या बाईच मला सांगत होत्या, कुठं आवळायचं. ती तट्टी कुणाची म्हणायची, हे आम्हाला कुणालाच नेमकं सांगता आलं नसतं. त्या हंगामात पुन्हा आग लागली नाही. एकही बाई घरी गेली नाही.

तुमच्या धाकानं बाया बोलल्या असं मी बरीच वर्षं समजत होतो. आता वाटतं, काय चालेल आणि काय नाही हे एकदा ठरल्यावर गड्यांचाही जीव मोकळा झाला. त्यांनाही तोवर कसं बोलावं हे ठाऊक नव्हतं.

हे पत्र कुठं टाकणार? घडी करून कपाटात ठेवीन. फक्त एक लिहून ठेवतो. तुमच्यानंतर मी वीस वर्षं गंगाखेडच्या जिनात मिस्त्री होतो. तो नियम मी तिथं कधीच लावला नाही. आमच्या बाया कमी बोलतात, मुकाट काम करतात, असं मी कौतुकानं सांगायचो. त्यांतल्या एकीलाही मी कधी काही विचारलं नव्हतं.