न चावणारे बूट

२९ ऑगस्ट

घसरलो. नऊ मीटर. संध्याकाळी परत जाऊन दोरीने मोजलं, म्हणून आकडा पक्का.

रोटकोफल शिखराच्या खालचा गवताळ उतार. बावीस वर्षं रानरक्षक आहे इथे, त्या उतारावरून डोळे मिटून जाईन अशी माझी बढाई असते. डावा पाय टाकला आणि खाली जमीन आहे की नाही तेच कळलं नाही. पुढचं आठवतं ते एका कातळाला मिठी मारलेली. बंदूक शाबूत. कोपर सोलवटलं.

नेमके लोर्बेकसाहेब खालच्या झोपडीच्या ओट्यावरून दुर्बीण लावून बसलेले. शिकारीचं रान त्यांच्या ठेक्याचं, नोकरी त्यांची, आम्ही राहतो ते घरही त्यांचंच. शांतपणे म्हणाले, "रोमेड, सत्तावन्न पुरी झाली ना तुझी?" हो म्हणालो. "ऑक्टोबरात एक पाहुण्या येतायत. त्यांना वर नेऊन, रानबोकडाची शिकार घडवून सुखरूप खाली आण. मग तीन वर्षं वाढवून देतो. नाही जमलं तर बोलू."

बोलू म्हणजे काय ते मला कळतं. माझ्या बायकोच्या, झिटाच्या, मधमाश्यांच्या पेट्या कुठे हलवायच्या, यावर बोलू.

मी सांगून टाकलं, बुटांचा दोष आहे.

३० ऑगस्ट

बूट तपासले. भिंग घेऊन. तळाच्या खाचा साडेचार मिलिमीटर उरल्यात, नव्या असताना सहा होत्या. म्हणजे झीज काही फार नाही. मग एका हातात टाच, दुसऱ्यात टोक धरून पिळून पाहिला. जरा वाकतो. हेच असणार! उतारावर आडवं जाताना बुटाची कड गवतात रुतली पाहिजे, आणि त्यासाठी तळ फळीसारखा ताठ हवा. वाकणाऱ्या तळाने पाय फिरतो.

झिटा दारातून बघत होती. "तीस वर्षांत माझ्याकडे कधी भिंग लावून बघितलं नाहीस."

"तू कधी घसरवलं नाहीस मला."

ती हसली नाही. कोपराला औषध लावून गेली.

२ सप्टेंबर

इन्सब्रुकला जाऊन आलो. मोठं दुकान, आत लाकडाचा एक खोटा उतार बांधलेला, त्यावर चढून-उतरून बघायचं. मी दुपारी चारला गेलो. सकाळी बूट घेणारा फसतो, दिवसभर चालून पाय अर्ध्या बोटाने वाढतो. स्वतःचे जाड लोकरी मोजेही नेले होते.

चार जोड घातले. विक्रेता पोरगेलासा, पण आपल्या कामात हुशार. "उतरताना बोटं पुढे टेकतायत?" नाही वाटत. "चढताना टाच उचलतेय?" नाही वाटत. "घोट्याला कुठे घासतंय?" नाही.

मोठी नवलाची गोष्ट. ताठ बूट म्हणजे महिनाभर चावणार, हे मी जन्मापासून धरून चाललेला माणूस. माझे पहिले बूट इतके चावायचे की मी ते हातात घेऊन घरी यायचो. आणि आता चारही जोड लोण्यासारखे? बूट बनवण्याची कला एवढी पुढे गेली म्हणायची. पण सगळेच बरे वाटतात तेव्हा निवडायचं कशावरून? पाऊण तास उभा राहून विचार केला. विक्रेत्याने शेवटी हात टेकले. रिकाम्या हाताने परत.

३ सप्टेंबर

डावी चप्पल हरवली. मी अंगणात बाकावर बसलेलो, चप्पल स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. झिटाने आणून पुढ्यात टाकली. "महिन्यात तिसऱ्यांदा. सुटते तरी कळत नाही तुला?" ढिली झालीय ती चप्पल, दुसरं काय.

६ सप्टेंबर

कुरणावरच्या कोर्बिनियानकडे गेलो. राय ब्रेड, स्पेक म्हणजे धुरावलेलं डुकराचं मांस, आणि त्याचं ते वास मारणारं चीज. दोन्ही गुडघे लोखंडाचे, तरी गाई घेऊन रोज खिंडीपर्यंत जातो. पायात खालच्या गावातल्या बुर्गल चांभारणीने शिवलेले बूट, एकोणीस वर्षांपूर्वीचे. तळ तीनदा बदलला, वरचं चामडं तेच.

म्हणालो, मी पण तिच्याकडूनच शिवून घेतो आता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि गालात हसत बसला.

"काय रे?"

"काही नाही. जा तू. आधी कच्चा जोड देईल घालून बघायला. मग सांग मला, चर्चपर्यंत पोचलास का."

"चर्च तिच्या दुकानापासून चारशे पावलांवर आहे."

"तेच तर म्हणतोय."

पुढे तोंड उघडेना. खालच्या गावात आणखी दोघांना विचारलं, दोघांच्याही पायात बुर्गलचे बूट. दोघेही असेच हसले. आता यात काहीतरी गुपित आहे, आणि ते कळल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

९ सप्टेंबर

बुर्गलचं दुकान. वय बाहत्तर, बापाकडून शिकली, अजून आरी स्वतः चालवते. आढ्याला शेकडो लाकडी साचे टांगलेले, प्रत्येकावर नाव. मेलेल्यांचेसुद्धा. "नातवाचा पाय कधी कधी आजोबावर जातो," म्हणाली. खिडकीत बरणीभर चेरीच्या बिया, सुकवलेल्या. उशीत भरायच्या असतील, शेकायला.

आधी मला गिरणीपर्यंत पिटाळलं. "चालून ये. थंड पायाचं माप घेत नाही मी." आल्यावर कागदावर उभं केलं, पेन्सिलीने दोन्ही पायांची कड काढली.

"काय हवंय?"

"तळ ताठ हवा. कड कातळावर टेकली की टेकली पाहिजे. घोटा धरून ठेवणारा, पण पोटरीला टोचणारा नको. आणि आरामशीर."

"ताठ आणि आरामशीर, दोन्ही? तसा नवरा मिळाला असता तर मी लग्न केलं असतं."

तळवे हातात घेऊन बघत होती. डाव्या चवड्याखाली अंगठा दाबला. "एवढा मोठा घट्टा. दुखत नाही?"

"डोंगरी पाय आहे माझा."

"डोंगरी पायच दुखतात," ती म्हणाली आणि कागदावर काहीतरी खरडलं. मला वाचता आलं नाही. तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

२८ सप्टेंबर

बुर्गलचा निरोप नाही. पाणी फार पितो मी हल्ली, झिटा म्हणते. उन्हाळा लांबलाय.

४ ऑक्टोबर

मिळाला कच्चा जोड! तळ अजून पक्का शिवलेला नाही, टाक्यांवर धरलाय, पण चालण्याइतका मजबूत. एका बुटाचं वजन नऊशे ऐंशी ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या काट्यावर. (झिटाने काटा दोनदा घासला.) दोन्ही हातांनी पिळला तरी हलत नाही. असा ताठपणा मी पाहिलेला नाही.

बुर्गल म्हणाली, "हे घाल, चर्चपर्यंत जाऊन ये, आणि काय सापडलं ते सांग."

"काय सापडायला हवं?"

"ते तू सांगायचं."

चर्चपर्यंत गेलो. काही नाही. बूट इतके छान वाटले की परत फिरण्याऐवजी तसाच घरी चालत आलो, दोन किलोमीटर. घरून फोन लावला.

"काही सापडलं नाही," मी म्हणालो. "एकदम आरामशीर. पहिल्या पावलापासून."

बुर्गल फटकन म्हणाली, "थापा मारू नकोस. घातलेच नाहीस तू."

"अगं, घालून घरी आलो!"

"मोठेपणा मिरवणारे पुष्कळ बघितलेत मी. घाल, चाल, आणि मग फोन कर." ठेवून दिला.

आता हिला काय सांगायचं! चावत नाही ही तक्रार ऐकून घेत नाही अशी चांभारीण मी पहिल्यांदाच पाहिली.

५ ऑक्टोबर

काय सापडायला हवं होतं? सकाळपासून डोक्यात तेच. बूट टेबलावर ठेवून बाहेरून सगळे टाके मोजले. उजव्यात दोन जास्त. ते असेल? जीभ जराशी डावीकडे झुकते. ते? चामड्याला मेणाचा आणि कसलातरी फळाचा वास. कोर्बिनियानला फोन केला.

"पोचलास का चर्चपर्यंत?"

"चर्च सोड, घरापर्यंत आलो."

मोठ्याने हसला. "जा रे! चर्चच्या फाटकाला धरून एका पायावर नाचणारे मी बिशपपर्यंत पाहिलेत. तू घरापर्यंत आलास म्हणे."

म्हणजे चावायला हवेत. सगळ्यांना चावतात. मला का नाही? मला वाटतं साचा माझ्यावर फारच अचूक बसलाय, आणि म्हातारीला स्वतःच्या हातावर भरवसा नाही. सोमवारी नेऊन देतो आणि समजावतो.

७ ऑक्टोबर

लोर्बेकसाहेबांचा फोन. पाहुण्या आजच आल्या, हवा उद्यापुरतीच साफ आहे, परवा बर्फ. तेव्हा उद्याच निघायचं.

कुठले बूट? जुने घसरवणार. कच्चा जोड पक्का नाही, पण एक दिवस टिकेल. तळाला दोन जागी दोरा आवळून घेतला. बुर्गलला कळलं तर कान धरेल.

८ ऑक्टोबर

मिळाला! अकरा तास पायांवर, आणि काय दिवस!

पाहुण्या, फ्राउ वाल्ट्राउट, निवृत्त शिक्षिका, साठीच्या, काटक. पण पायात मऊ फिरायचे बूट, कापसासारखे. तिसऱ्या तासाला लंगडायला लागल्या. कातळावर बसवून टाचेचा फोड बांधून दिला.

"तुम्हाला येत नाहीत फोड?"

"बूट नीट निवडले की नाही येत." मग त्यांना सगळं ऐकवलं, तळ, कड, दुपारचं माप, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा. शिक्षिका असून वहीत लिहून घेत होत्या. मला बरं वाटलं.

त्याच उताराने गेलो. मुद्दाम. जिथे घसरलो होतो तिथे थांबून प्रत्येक पाऊल डोळ्यांनी बघून टाकलं. हल्ली तशी सवयच लागलीय, न बघता पाय टाकवत नाही. पण कड रुतली की काय रुतली! घसाऱ्यावरसुद्धा बूट हलला नाही. वरच्या धारेखाली म्हातारा बोकड एकटा उभा, सावलीत. बाई पोटावर सरकत चाळीस मीटर गेल्या, श्वास रोखला, एक गोळी. जागच्या जागी. मी शिकारीच्या रीतीप्रमाणे झाडाची डहाळी तोडून त्याच्या तोंडात शेवटचा घास म्हणून ठेवली, दुसरी टोपीवर ठेवून बाईंना दिली. माझे डोळे जरा भरून आले, लिहायला लाज कसली.

खाली लोर्बेकसाहेब वाट बघत उभे. हात हातात घेऊन म्हणाले, "तीन वर्षं, रोमेड." घर राहिलं. डोंगर राहिला. झिटाने पुन्हा पुन्हा विचारून घेतलं, नक्की तीनच म्हणाले ना, तोंडी की कागदावर. मग क्न्योडल केले, पावाचे उकडलेले गोळे, आठ खाल्ले मी.

दिवसात दोनदा बुर्गलचा फोन येऊन गेला म्हणे. आज फारच गंभीर होती. बूट पायात असतील तर लगेच काढायला सांग, एवढंच म्हणाली. काढतोच आता. खरं तर पायातून उतरवावेसे वाटत नाहीत.

९ ऑक्टोबर

डाव्या बुटात, सुखतळ्याखाली, बरोबर चवड्याच्या जागी चेरीची बी. बुर्गल प्रत्येक कच्च्या जोडात एक घालते. जो ओरडत परत येतो त्याने बूट खरोखर घातले, असा तिचा हिशेब. चाळीस वर्षांत चर्चच्या पुढे कोणी गेलं नाही.

मोजा तळव्याला चिकटला होता. झिटाने कोमट पाण्यात सोडवला. तळव्यात एवढं भोक की बी अख्खी मावेल. तिने विचारलं, दुखतंय का? मी नाही म्हणालो, आणि ती रडायला लागली.

दुपारी दवाखान्यात जायचंय. लोर्बेकसाहेबांना पायाचं मीच सांगणार आहे, झिटाने नाही.

जुने बूट पुन्हा एकदा पिळून पाहिले. त्यांचा काही दोष नव्हता.