लिलिथची बाजू

बगदाद, लेकीच्या घरून
तम्मूझ महिन्याचा पहिला शुक्रवार, दुपार

अबू मनाशे यांस रहमाचा सलाम.

तब्येत बरी असावी. इकडे आपली नजिया आणि बाळ खुशाल आहेत. बाळाची सुंता थाटात झाली. तुम्ही माझ्याकडे न बघता जेवून गेलात, ते सगळ्यांनी पाहिलं. पत्र जावई लिहून घेतोय, त्यामुळे बरंच गाळते आहे.

आपल्या गच्चीवरची, उन्हाळ्यात झोपायची वाऱ्याच्या बाजूची खाट मी एका उन्हाळ्यापुरती मागितली होती. "ती जागा पुरुषाची," म्हणालात. मी हटले नाही, तेव्हा शेजारच्या गच्च्यांना ऐकू जाईल असे ओरडलात, "लिलिथ आहेस नुसती!" म्हणून मी इथे येऊन राहिले. लिलिथला पळवून लावायचा ताईत बाळंतिणीच्या खोलीत टांगायला आपले म्हातारे धर्मगुरू, हाखाम, आले, तेव्हा त्यांनाच विचारलं, ही बया मुळात कोण?

"आदमची पहिली बायको. दोघं एकाच मातीची. तो म्हणाला, मी वर, तू खाली. ती म्हणाली, का म्हणून? तो ऐकेना. मग देवाचं नाव घेऊन गेली उडून. परत आणायला तीन देवदूत पाठवले, तरी आली नाही. तेव्हापासून तान्ह्या पोरांच्या जिवावर उठलीय."

"आणि आदम स्वतः का नाही गेला?"

हाखामांनी ताईत उलटा टांगला आणि घाईघाईने निघाले. नंतर आम्हीच तो सरळ केला.

मला परत न्यायला तुम्हीही तिघं पाठवलेत. तुमचा भाऊ खिम्याचे कुब्बे चापून गेला. सिनेगॉगचे मुनीम डुलकी काढून गेले. तुमची बहीण माझ्या कानात म्हणाली, "वहिनी, खाट सोडू नकोस हं!"

नातू माझ्याच मांडीवर झोपतो. झोपेत हसला, की लिलिथ खेळवतेय म्हणून नाकावर टिचकी मारायची असते, ती मीच मारते. वर ताईतात तिन्ही देवदूतांची नावं आहेत, पण एकानेही मला हुसकावलेलं नाही.

मला तुमची आठवण येते. जावई लेखणी थांबवून बसलाय; लिही रे, म्हटलं.

आदमला हव्वा मिळाली. तुम्हाला त्या घोरण्यासकट कोण पत्करणार? आता चौथा माणूस पाठवू नका. स्वतः या.

तुमच्या एका हाकेसाठी अडून बसलेली,
रहमा