तिसऱ्या पेटीचे काय करावे

मी, शिवलीला नागाप्पा हत्तरकी, वय सत्तेचाळीस, अविवाहित, राहणार कसबा बावडा, कोल्हापूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणी भरीस न घालता हे मृत्युपत्र लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझे ऑपरेशन आहे.

१. बावड्याचे घर माझा धाकटा भाऊ मृत्युंजय, राहणार इचलकरंजी, यास मिळावे. मागच्या खोलीत वडील असल्यापासून राहणाऱ्या चिमणाबाई केरबा सासने हिला मात्र ती जिवंत असेपर्यंत कोणी उठवू नये.

२. बँकेतील ठेव पुतणी पवित्रा हिच्या शिक्षणासाठी. तिने माझ्यासारखा विषय निवडला तरी अडवू नये.

३. कार्डांच्या तीन पेट्या. दक्षिण अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या भाषांची घराणी शब्द ताडून कशी ठरवावीत, यात माझे आयुष्य गेले. तिथे मी कधी गेले नाही. त्यातली एकही भाषा कोणाच्या तोंडून ऐकलेली नाही. मृत्युंजय दर दिवाळीला सगळ्यांसमोर विचारतो, "काय मॅडम, घावली का न्हाय अमेरिकेतली भावकी?" सगळे हसतात. मीही हसते.

पहिल्या पेटीत सिद्ध झालेली नाती, दुसरीत नाकारलेली. तिसरीत अजून न ठरलेले नाते : केचुआ आणि आयमारा, अँडीज पर्वतात शतकानुशतके शेजारी राहिलेल्या दोन भाषा. तीनला दोन्हींत 'किम्सा' म्हणतात. हाताला मात्र एकीत 'माकी', दुसरीत 'अंपारा'. शेजारातूनही शब्द येतात, म्हणून शब्द सारखा दिसला की नाते धरायचे नाही. माझे मार्गदर्शक म्हणाले, "एकच घराणं लिहा आणि प्रबंध संपवा." मी लिहिले नाही. प्रबंध राहिला. तो प्रामाणिकपणा होता की धास्ती, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पेट्या विद्यापीठाच्या ग्रंथालयास द्याव्यात. तिसरीतली कार्डे कोणी पहिलीत घालू नयेत.

४. पेट्यांवरची धूळ चिमणाबाई पुसते. एकदा तिने विचारले, "आक्का, ही माणसं तुमास्नी वळकत्यात व्हय?"

"नाही गं."

"मग त्यांच्या घरचं एवढं कशाला बगताय?"

तिने चहा ठेवला.

'आक्का', म्हणजे थोरली बहीण, हा आमच्या घरचा कन्नड शब्द. तिने तो आमच्याकडूनच उचलला. माझ्याच नियमाप्रमाणे तो नात्याचा पुरावा होत नाही. मृत्युंजयला तो जन्मापासून मिळालेला. वडील गेल्यापासून त्याच्या तोंडून मी तो ऐकलेला नाही.

५. माझे दफन आमच्या लिंगायत रीतीने व्हावे. पहिली मूठ माती चिमणाबाईने टाकावी. मृत्युंजय विचारेल, "ही आपली कोण?" त्याला सांगावे, की नाते मी सिद्ध केलेले नाही. तिचे नाव तिसऱ्या पेटीत धरावे आणि तिला वाट द्यावी.

दुसरी मूठ मृत्युंजयची. टाकताना त्याने एकदा आक्का म्हणावे. ही अट नाही. न म्हटल्यासही घर त्याचेच आहे.

चिमणाबाईला लाभ मिळत असल्याने तिची साक्ष घेतलेली नाही. सह्या होईपर्यंत ती दाराशी बसून होती.

सही : शिवलीला नागाप्पा हत्तरकी

आमच्यासमोर सही केली :
१. आकाराम ज्ञानू पोवार, शाहूपुरी
२. मोना शिवकुमार तोडकर, कसबा बावडा

कोल्हापूर, ९ सप्टेंबर २००३