गेणूचं पथ्य

आळे, ४ नोव्हेंबर १९५६

मीठ बंद. डाळ जेमतेम, मटण-अंडी बंद. जुन्नरच्या डॉक्टरांनी बजावलंय. गेणूच्या पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहतो — मूत्रपिंडं थकलीत, म्हणाले. माझा धाकटा भाऊ, अजून चाळिशीसुद्धा नाही! घरी येताच मिठाची बरणी माझ्या पेटीत ठेवून कुलूप घातलं. अंजनाचा जीव मऊ, तिच्या हातून नवऱ्याचं पथ्य पाळलं जायचं नाही. शाळेत वर्गच्या वर्ग धाकात ठेवते मी, हे एक घर काय अवघड आहे?

११ नोव्हेंबर

सूज उतरतेय. गेणू म्हणतो, "आक्का, हे कालवण हाय का भांड्याचं धुवण?" बोलेना का.

१९ नोव्हेंबर

त्याच्या उशाखाली पुरचुंडी सापडली. मीठ! अंजनाला विचारलं तर म्हणते, "वन्सं, खायाला न्हाई वो. हिरड्यांतनं रगत येतंय त्यांच्या, कोमट पाण्यात टाकून गुळण्या करत्यात." मला काय दूधखुळी समजते? पुरचुंडी उकिरड्यावर भिरकावली. वाटेल ते बोलले तिला, अगदी माहेरचा उद्धार करण्यापर्यंत.

२० नोव्हेंबर

घरात कोणी माझ्याशी बोलत नाही. नका बोलू.

२ डिसेंबर

गेणू जेवत नाही. अळणी खाण्यावर रुसलाय असं वाटलं, म्हणून मीही हट्टाला पेटले — भूक लागली की खाईल. पण पेजेलाही तोंड फिरवतो. दंडांच्या नुसत्या काठ्या झाल्यात. आज जबरदस्तीनं तोंड उघडायला लावलं. हिरड्या जांभळ्या, फुगलेल्या, दातांच्या मुळाशी पू. असा वास आला की मी मागं सरले. ते त्यानं पाहिलं.

४ डिसेंबर

एस.टी.नं त्याला जुन्नरला नेलं. गुळण्या बंद झाल्याचं कळताच डॉक्टर चिडले. "गुळण्या कुणी बंद केल्या? मीठ खायचं नव्हतं, बाई. चूळ भरायला कोण नाही म्हणालं?" हिरड्यांच्या पुवानं सगळ्या अंगात दाह पेटलाय, म्हणाले. पोटात अन्न नाही, मग झुंजायला ताकद कुठून येणार? दोन दात काढले, पेनिसिलीन टोचलं.

अंजना शेजारीच उभी होती. "मी बंद केल्या" म्हणायला मला वेळ लागला. येताना ती गेणूला खांद्याशी धरून बसली. फार लाज वाटली.

९ डिसेंबर

गुळण्यांचं पाणी आता मीच करून देते. हिरड्या निवळल्यात. आज पेज संपवून म्हणाला, "आजून हाय का?" मी चुलीपुढं बसून रडले. अंजना आत येऊन म्हणाली, "धूर लई झालाय का, वन्सं?" आणि माझ्या हातातली फुंकणी घेतली. धूर नव्हता, हे तिलाही दिसत होतं.

१५ डिसेंबर

पुन्हा सूज. या खेपेला तोंडावरसुद्धा. लघवी जवळजवळ बंद, उलट्या थांबत नाहीत. डॉक्टरांना निरोप धाडलाय.

१६ डिसेंबर

डॉक्टर आले. बराच वेळ तपासलं. निघताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता पथ्य नको. मागेल ते खाऊ द्या."

अंजनाचा चेहरा एकदम खुलला. "वन्सं, पथ्य सुटलं त्यांचं! मटण करू का सांजच्याला?"

डॉक्टर असं पथ्य केव्हा सोडतात, ते तिला सांगायला माझी जीभ रेटेना. म्हटलं, कर. मीठ तुझ्या हातानं घाल.